कंटेंटच्या कल्पनांसाठी गूगल कीप: काय जमतं, कुठे अडतं

शाळेच्या वहीचं शेवटचं पान आठवा. पहिल्या पानापासून अभ्यास, पण खरा माल शेवटच्या पानावर: फुलीगोळा, कुणाचा तरी पत्ता, उधारीचा हिशोब, अर्धवट राहिलेली कविता. गूगल कीप हे टिपणं ठेवायचं ॲप म्हणजे फोनमधलं तसंच शेवटचं पान. फुकट आहे, जाहिराती नाहीत, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आधीपासूनच असतं, आणि उघडायला वेळ लागत नाही. रील, यूट्यूब व्हिडिओ, ब्लॉग किंवा सदर असं काही नियमित करणाऱ्याला सुचलेलं टिपून ठेवायला यापेक्षा हलकं साधन सापडणं कठीण. पण शेवटच्या पानाचा दोषही त्यात आहे. सगळं एकाच पानावर पडतं, आणि शिस्त लावली नाही तर दोन महिन्यांत आपलं आपल्यालाच सापडत नाही. ॲपचे गुण थोडक्यात सांगता येतील. शिस्तीबद्दल जास्त बोलावं लागेल.

टिपण्यापासून सुरुवात करू. ॲप उघडून अधिकचं चिन्ह दाबणं हा लांबचा रस्ता. फोनच्या पहिल्या स्क्रीनवर कीपचं विजेट ठेवा. त्यात साधी नोट, यादी, आवाज, चित्र आणि फोटो यांची बटणं एका ओळीत येतात, म्हणजे एका टिचकीत थेट कोरी नोट समोर. सुचलेली गोष्ट चार पायऱ्या चढेपर्यंत डोक्यात टिकत नाही, म्हणून हे विजेट चैन समजू नका. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये कीप उघडं असेल तर 'सी' दाबलं की नवी नोट, 'एल' दाबलं की नवी यादी, तिरकी रेघ दाबली की शोधाची चौकट.

आवाजाचं बटण दोन तऱ्हांनी वापरता येतं, आणि दोन्हींतला फरक माहीत नसल्यामुळे बरेच जण वैतागून ते सोडून देतात. कीपचा स्वतःचा माइक दाबला तर बोलणं रेकॉर्डही होतं आणि खाली मजकूरही उमटतो. पण दोन-तीन सेकंद थांबलात की ते तुमचं संपलं असं धरून बंद होतं. विचार करत बोलणाऱ्याला हे जाचतं. दुसरा रस्ता म्हणजे साधी नोट उघडून जीबोर्ड कीबोर्डवरचा माइक वापरणं. यात आवाज साठत नाही, फक्त मजकूर येतो, पण थांबून पुन्हा सुरू करणं सोपं जातं. गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ साली आणली आणि आज ती साध्या बोलण्याला पुरेशी आहे. मात्र फोनच्या व्हॉइस टायपिंगच्या सेटिंगमध्ये 'मराठी (भारत)' निवडलेलं हवं, नाहीतर आपलं मराठी हिंदी किंवा इंग्रजी समजून भलतंच काहीतरी उमटतं. विरामचिन्हं येत नाहीत, विशेषनामं चुकतात. म्हणून गावाचं, माणसाचं किंवा पदार्थाचं नाव असेल तर तेवढा शब्द लगेच हाताने सुधारून घ्यावा. आठवड्याने 'पाटवड्या'चं काय झालं होतं ते ओळखता येत नाही.

दुकानाची पाटी, जुन्या अंकातलं कात्रण, मेन्यूकार्ड यांचा फोटो थेट नोटेत जातो. देवनागरी मजकूर उचलायचा असेल तर गूगल लेन्समधून कॉपी करून नोटेत चिकटवणं सोपं. दुसऱ्या ॲपमधला व्हिडिओ किंवा लेख 'शेअर' करून कीपमध्ये टाकता येतो, आणि संगणकावर क्रोमचं कीप एक्स्टेन्शन तेच काम करतं. इथे एक धोका आहे. शेअर केलं की शीर्षक आणि दुवा आपोआप येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या दुव्यात आपल्याला नेमकं काय भावलं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. नुसते दुवे असलेल्या नोटा म्हणजे मेलेल्या नोटा. सेव्ह दाबण्याआधी एक ओळ लिहायचीच: सुरुवात आवडली, की प्रकाशयोजना, की फक्त खालच्या कॉमेंटमधला प्रश्न.

हीच गोष्ट स्वतःच्या कल्पनेलाही लागू. 'कोथिंबीर वडी रील' एवढंच लिहून ठेवलेली नोट महिन्याने उघडली तर तिच्यात कल्पना शिल्लक नसते, नुसता विषय असतो. कामाची नोट साधारण अशी दिसते:

कोथिंबीर वडी तेलात का सुटते
कोणासाठी: पहिल्यांदा करणारे
मुद्दा: धुतलेली कोथिंबीर ओली राहिली की पीठ सैल होतं, उकडलेला उंडा गरम असतानाच कापला की कडा फुटतात
दाखवायचं: गरम कापलेली आणि पूर्ण गार करून कापलेली वडी शेजारी शेजारी, एकाच कढईत
कुठे: रील, ६० सेकंद
कधी: जुडी स्वस्त आहे तोवर
शोध: कोथिंबीर वडी उकडणे तळणे

सात ओळी, लिहायला दीड मिनिट. हा साचा एका नोटेत कोरा करून पिन करून (सगळ्यात वर टाचून) ठेवा आणि तीन टिंबांच्या मेन्यूतून 'मेक अ कॉपी' करून भरा. मूळ नोटेतच लिहायला सुरुवात करण्याची चूक हमखास होते, म्हणून साच्याच्या नावातच 'कॉपी करा' असं लिहून ठेवलेलं बरं. शेवटची 'शोध' ओळ कशासाठी, ते पुढे येतंच.

रचनेकडे वळू. कीपमध्ये फोल्डर नाहीत, लेबलच्या आत लेबल नाही. लेबल, रंग, पिन आणि आर्काइव्ह (नोट न पुसता नजरेआड ठेवणं), एवढंच भांडवल. नवशिके बहुधा लेबलांचा डोंगर उभा करतात: कच्चं, चालू, शूट झालं, एडिट बाकी, शिवाय पदार्थ, प्रवास, पुस्तकं, यूट्यूब, इन्स्टा. मग प्रत्येक नोटेला चार-चार लेबलं चिकटतात आणि पाचव्या दिवशी ती बदलायचा कंटाळा येतो. कारण साधं आहे. लेबल बदलायचं म्हणजे जुन्यावरची खूण काढा आणि नव्यावर करा. एक काम दोनदा, आणि जुनी खूण काढायची राहून जाते. मग एकच नोट 'कच्चं' आणि 'शूट झालं' या दोन्हींत दिसत राहते.

यावर सोपा तोडगा आहे: विषयासाठी लेबल, टप्प्यासाठी रंग. नोटेला लेबलं कितीही लागतात पण रंग एकच असतो, आणि कल्पनाही एका वेळी एकाच टप्प्यावर असते. नवा रंग दिला की जुना आपोआप जातो. मूळ रंग धरून कीपमध्ये १२ रंग आहेत, पण त्यातले चारच वापरा. केशरी, पीच आणि वाळूचा रंग एकमेकांत मिसळतात, आणि डार्क मोडमध्ये तर सगळेच मळकट होतात. मूळ रंग म्हणजे कच्चं, पिवळसर म्हणजे माहिती जमवणं चालू, निळा म्हणजे लिहून तयार, गुलाबी म्हणजे शूट झालं. प्रसिद्ध झालं की रंग बदलायचा नाही, आर्काइव्ह करायचं. शोधाच्या चौकटीत बोट ठेवलं की रंगांचे ठिपके दिसतात. निळ्यावर टिचकी मारली की तयार असलेल्या सगळ्या नोटा समोर. संगणकावर अनेक नोटा निवडून एकदम रंग देता येतो, फोनवर एका नोटेवर बोट दाबून धरून बाकीच्या निवडायच्या.

लेबलं आठ-दहाच्या वर नेऊ नका. बाजूच्या पट्टीत ती अकारविल्हे लागतात आणि क्रम आपल्याला बदलता येत नाही, म्हणून रोजचं लेबल वर हवं असेल तर नावाआधी आकडा घाला. नोटेच्या मजकुरातच # टाकून लेबलाचं नाव लिहायला लागलं की सूचना येते, त्यामुळे मेन्यूत शिरावं लागत नाही. पिन ही मात्र जपून खर्च करायची चीज. या आठवड्यात हातात असलेल्या तीन-चार नोटा आणि साचा, बस. पंधरा नोटा पिन केल्या की पिनचा अर्थच उरत नाही.

आता शोध. इंग्रजीत लिहिणाऱ्याला कीपचा शोध उत्तम वाटतो. मराठीत तो अडखळतो, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपले शब्द विभक्ती लागली की रूप बदलतात आणि कीपला व्याकरण कळत नाही. दिवाळीच्या आधी 'अनारसा' शोधलंत तर 'अनारसे का हसतात' ही नोट येणार नाही, 'अनारशाचं पीठ' तर नाहीच. 'पाऊस' टाकलं तर 'पावसातली भजी' सापडत नाही. 'पाव' एवढंच टाकलं तर पावसाबरोबर पावभाजीही हजर. वरच्या साच्यातली 'शोध' ओळ याचसाठी. तिच्यात शब्द मूळ रूपात, एकवचनात, प्रत्यय न लावता लिहायचे: अनारसा, पाऊस, आंबा, चकली. मजकुरात काहीही रूप असो, शोध त्या ओळीवर लागतो.

दुसरी अडचण लिपीची. 'रील' एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये लिहिलं तर कीपच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. त्याहून फसवा प्रकार म्हणजे 'ॲप' आणि 'अॅप'. डोळ्याला एकच, पण पहिल्यात ॲ हे एकच अक्षरचिन्ह आहे, दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र ही दोन जोडलेली आहेत. कोणता कीबोर्ड वापरता त्यावर काय उमटेल ते ठरतं. फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर टाइप करणाऱ्याच्या नोटा अशाने दुभंगतात. 'ॲनिमेशन', 'ॲड', 'ॲक्सेसरी' असले शब्द शोधाच्या ओळीत येऊच देऊ नका, किंवा एकाच कीबोर्डवरून लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही इथे महागात पडते, शुद्धलेखनाच्या बाईंपेक्षा कीप जास्त कडक आहे.

आठवण लावायची सोय आहे. या आठवणी आता गूगल टास्क्समध्ये जातात, त्यामुळे कॅलेंडरातही दिसतात. अमुक ठिकाणी पोचल्यावर आठवण देण्याची जुनी सोय मात्र गेली. मराठी कंटेंट करणाऱ्याचा निम्मा धंदा सणावारांवर चालतो, म्हणून 'दरवर्षी' हा पर्याय मोहात पाडतो. त्यात एक खड्डा आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. समजा २०२४ मध्ये ३० दिवस आधीची, म्हणजे ८ ऑगस्टची आठवण लावली आणि दरवर्षी केली. २०२५ मध्ये ती वाजली तेव्हा हातात १९ दिवस उरले होते. मोदकांच्या व्हिडिओला तेवढे पुरतात, पण एखाद्या गावच्या मूर्तिकारांकडे जाऊन शूट करायचं असेल तर गाडी सुटलेली असते. तेच २०२५ च्या चतुर्थीच्या ३० दिवस आधीची, २८ जुलैची आठवण दरवर्षी केली तर ती २०२६ मध्ये ४८ दिवस आधी येऊन विस्मरणात जाते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, आणि मधेच अधिक महिना येतो (२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ), त्यामुळे तिथी अशी मागेपुढे सरकते. मकर संक्रांत, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १ मे यांना 'दरवर्षी' चालेल. संक्रांतही कधीमधी १५ जानेवारीला सरकते, पण एका दिवसाने काही बिघडत नाही. पाडवा, आषाढी, गणपती, दिवाळी यांच्या आठवणी दरवर्षी नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की हाताने लावायच्या. बारा-पंधरा तारखा असतात, वीस मिनिटांचं काम.

लिहिण्यासाठी कीप कितपत? एका नोटेत सुमारे २० हजार अक्षरचिन्हं मावतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षेत्र' दिसायला दोन अक्षरं, मोजायला सात. तरीही साधारण तीन हजार शब्द बसतात, दहा मिनिटांच्या व्हिडिओच्या संहितेला भरपूर. ठळक अक्षरं आणि दोन आकारांची शीर्षकं २०२३ पासून अँड्रॉइडवर आली, पण खुणांच्या यादीच्या नोटेत ती चालत नाहीत. खुणांच्या चौकटी आणि साधा परिच्छेद एकाच नोटेत ठेवता येत नाहीत, हीही एक रोज बोचणारी मर्यादा.

याच मर्यादेतून मात्र एक छान युक्ती निघते. व्हिडिओचे मुद्दे साध्या नोटेत ओळीवार लिहा, मग मेन्यूतून खुणांच्या चौकटी दाखवा. प्रत्येक ओळ सुटी होते आणि डावीकडच्या टिंबांना धरून वर-खाली सरकवता येते. सातवा मुद्दा खरा पहिला आहे हे अशा सरकवासरकवीत कळतं. क्रम लागला की चौकटी लपवा, पुन्हा सलग मजकूर तयार. ओळ उजवीकडे ओढली तर ती वरच्या ओळीची पोटओळ होते. मुख्य मुद्दा हलवला की पोटओळीही सोबत जातात. शूटच्या सामानाची यादी (तिवई, कॉलर माइक, भरलेली पॉवर बँक, मोकळं मेमरी कार्ड) एकदाच करून ठेवा. काम झाल्यावर मेन्यूतून सगळ्या खुणा एकदम काढता येतात, यादी पुढच्या वेळी तयार.

संहिता पक्की करायला कीपमध्ये थांबू नये. निवडलेल्या नोटा मेन्यूतून 'कॉपी टू गूगल डॉक्स' केल्या की एका दस्तऐवजात एकाखाली एक येतात. डॉक्समध्ये उजव्या पट्टीत कीप उघडून नोट मजकुरात ओढताही येते. एकदा नेलं की दोन्हींचा संबंध तुटतो, डॉक्समधला बदल कीपमध्ये परत येत नाही. म्हणून नेल्यावर लगेच नोटेच्या वर डॉक्सचा दुवा चिकटवा, नाहीतर दोन प्रती वेगवेगळ्या दिशांना वाढतात.

दोघं-तिघं मिळून काम करणाऱ्यांसाठी नोट ईमेलवरून वाटून घेता येते. पण 'फक्त वाचा' असा पर्याय नाही. ज्याला नोट दिली त्याला सगळं बदलता येतं. तुमची लेबलंही समोरच्याला दिसत नाहीत, ती प्रत्येकाची आपापली. त्यामुळे गटाने मिळून कोणतं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते बघायचं असेल तर कीप अपुरं पडतं, साधी गूगल शीट बरी. महिन्याचं प्रसिद्धीचं वेळापत्रकही शीटमध्येच ठेवावं. नोशनसारख्या ॲपमध्ये हे सगळं एकत्र होतं खरं, पण बसथांब्यावर सुचलेली ओळ टिपायला ते जड जातं.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एखाद्या नोटेला वेगळं कुलूप लावता येत नाही, तेव्हा जाहिरातदाराने सांगितलेला दर, पासवर्ड, बँकेचे तपशील इथे नकोत. कचऱ्याच्या डब्यातली नोट ७ दिवसांनी कायमची जाते. म्हणून डावललेली कल्पना डिलीट करू नका, आर्काइव्ह करा. शोधात आर्काइव्हमधलंही सापडतं, आणि यंदा बाजूला टाकलेली कल्पना पुढच्या पावसाळ्यात उपयोगी पडते. फोनवर नेट नसतानाही लिहिता येतं, नेट आलं की जोडलं जातं. पण नेट नसताना फोनवर आणि दुसरीकडे लॅपटॉपवर एकच नोट बदलू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ खात्यांचा होतो. फोनवर घरचं आणि ऑफिसचं अशी दोन गूगल खाती असली की नोट भलत्याच खात्यात पडते आणि हरवल्यासारखी वाटते. विजेट कोणत्या खात्याला जोडलंय ते लावतानाच पाहा, ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातलं चित्र बघायची सवय ठेवा. स्वतःच्या चॅनेलच्या कल्पना ऑफिसच्या खात्यात कधीच नकोत. नोकरी सुटते त्या दिवशी खातं बंद होतं, सोबत नोटाही.

गूगल चालू गोष्टी मधेच बंद करतं ही भीती रास्त आहे. गूगल रीडर (वेगवेगळ्या वेबसाइटींवरचं नवं लेखन एका जागी वाचायची सेवा) बंद होणार ही घोषणा १३ मार्च २०१३ ला झाली आणि आठवड्याभरात, २० मार्चला, कीप आलं. तेव्हा लोकांनी टोमणे मारले ते काही उगाच नाही. कीप आजवर टिकलं आहे. तरी तीन महिन्यांतून एकदा गूगल टेकआउटमध्ये (आपली गूगलवरची माहिती उतरवून घ्यायचं पान) जाऊन, बाकी सगळ्यावरच्या खुणा काढून फक्त कीप निवडा आणि झिप फाइल उतरवून घ्या. प्रत्येक नोटेची एक एचटीएमएल आणि एक जेसन फाइल मिळते. एचटीएमएल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, मराठी जसंच्या तसं दिसतं. जेसन उघडायची गरज नाही, पण फेकूही नका. उद्या दुसऱ्या ॲपमध्ये जायचं ठरलं तर लेबलं आणि रंग तिच्यातूनच परत मिळतील.